हानारांना भेटायचं असेल तर : ‘मास इफेक्ट’च्या तिन्ही भागांतली आडवाट

‘मास इफेक्ट’ ही अंतराळातली व्हिडिओ गेम मालिका खेळलेल्या कुणालाही विचारा, परग्रहावरची कुठली जमात आवडली? तुरियन, क्रोगन, असारी अशी ठरलेली नावं येतात. हानारांचं नाव निघालंच तर ब्लास्टो या सिनेमातल्या हानार नायकाच्या विनोदापुरतं. यात खेळणाऱ्याचा फारसा दोष नाही. तिन्ही भागांत तुमच्या तुकडीत एकही हानार येत नाही, त्यांच्या काहजे ग्रहावर आपलं जहाज नॉर्मंडी उतरत नाही आणि ते समोर येतात तेव्हा गोळीबार नसतो, नुसतं बोलणं असतं. गुलाबी-जांभळट रंगाचा, हवेत तरंगणारा जेलीफिश गोड आवाजात काहीतरी सांगतो आणि आपण ‘स्किप’चं बटण दाबून पुढे जातो.

पण हानारांची कथा या मालिकेत आहे आणि ती चांगलीच कडू आहे. फक्त ती हानार सांगत नाहीत. सांगणारी माणसं दुसरीच आहेत : थेन क्रियोस नावाचा ड्रेल जमातीचा मारेकरी, कासूमी गोतो ही चोर आणि पन्नास हजार वर्षांच्या झोपेतून उठलेला जाविक. हे तिघे तुमच्या सेव्हमध्ये धडधाकट राहिले तर हानारांचं जग उलगडतं. एखादा गळाला की तेवढा भाग कोरा राहतो. पुढची सगळी वाटचाल या तिघांना सांभाळण्याची आहे. कथेतली गुपितं फुटणार आहेत, तेव्हा पहिल्यांदाच खेळत असाल तर विचार करून वाचा.

आधी थोडी तयारी

तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ साली आले. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने १४ मे २०२१ रोजी आलेली ‘लेजेंडरी एडिशन’ घ्यावी, कारण आपल्याला लागणाऱ्या तीन जोडकथा तिच्यात आधीच आहेत : कासूमीची ‘स्टोलन मेमरी’, जाविकची ‘फ्रॉम अॅशेस’ आणि ‘सिटाडेल’. जुन्या सुट्या प्रती असतील तर या तिन्ही आपल्याकडे आहेत ना, हे आधी तपासा. ‘स्टोलन मेमरी’ नसेल तर कासूमी भेटणारच नाही आणि तिसऱ्या भागातली हानारांची सगळ्यात मोठी मोहीम अर्धवट वाटेल.

पहिल्या भागापासून सुरू करा आणि तोच शेपर्ड (आपण चालवतो तो नायक) तिसऱ्यापर्यंत न्या. प्रत्येक भाग शेवटपर्यंत संपवल्याशिवाय त्याचा सेव्ह पुढे इम्पोर्ट होत नाही. थेट तिसरा भाग उघडला तर कोण जगलं नि कोण मेलं याची नेमकी दोरी आपल्या हातात राहत नाही.

सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल्स चालू करा. हानारांचं खरं बोलणं अंगावरच्या प्रकाशाच्या लखलखाटातून होतं. आपल्या कानावर पडतो तो भाषांतर करणाऱ्या यंत्राचा घुमणारा आवाज. त्यात त्यांची वाक्यं लांब आणि आडवळणाची, त्यामुळे वाचत ऐकलं तरच मजा कळते.

शेपर्डचा क्लास कुठलाही चालेल. पहिल्या भागात मात्र चार्म (गोड बोलून वळवणं) किंवा इंटिमिडेट (धाक दाखवणं) यांपैकी एकात सुरुवातीपासून गुण टाकत जा. हानारांशी येणारे सगळे प्रसंग बोलून सोडवायचे आहेत. बंदूक कितीही भारी असली तरी डायलॉग व्हीलवरचा निळा किंवा लाल पर्याय बंद असेल तर हात चोळत बसावं लागतं.

कोडेक्स : दहा मिनिटं खर्च करा

एरवी कोडेक्स, म्हणजे खेळातला माहितीकोश, वाचा असा सल्ला मी कुणाला देणार नाही. पाठ्यपुस्तकासारखा आहे. हानारांची नोंद मात्र अपवाद आहे, आणि मुख्य नोंदी खेळच वाचून दाखवतो, त्यामुळे नुसतं ऐकलं तरी चालतं. मेनूत कोडेक्स उघडा, काउन्सिलबाहेरच्या (आकाशगंगेचा कारभार पाहणाऱ्या मंडळाबाहेरच्या) जमातींत हानार शोधा. त्यातल्या चार गोष्टी डोक्यात ठेवून खेळायला बसा.

पहिली शरीराची. पाण्याबाहेर हानाराला स्वतःचं वजन पेलत नाही. तो तरंगतो तो अंगाला बांधलेल्या यंत्रामुळे. त्याच्या शुंडकांची पकड घट्ट असते, पण एका शुंडकाने काहीशे ग्रॅमपलीकडे काही उचलता येत नाही. म्हणजे आपण सहज उचलतो ती रायफल त्याला जड. आंतरतारकीय राजकारणात उतरलेल्या जमातीला ही अडचण केवढी मोठी आहे याचा विचार करा, म्हणजे ड्रेल लोकांशी त्यांचं नातं का जुळलं ते आपोआप समजेल.

दुसरी नावाची. प्रत्येक हानाराला दोन नावं असतात. एक चारचौघांत वापरायचं, तोंडओळखीचं. दुसरं आत्म्याचं नाव, फक्त जिवाभावाच्या माणसांसाठी. तोंडओळखीच्या माणसासमोर हानार ‘मी’ म्हणत नाही, कारण ते उद्धटपणाचं समजतात. स्वतःचा उल्लेख तो तिऱ्हाईतासारखा करतो. खेळात एखादा हानार तुमच्याशी कसा बोलतो यावरून त्याने तुम्हाला कितपत जवळ केलंय ते ओळखता येतं. बहुतेकांनी केलेलं नसतं.

तिसरी श्रद्धेची. पन्नास हजार वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या प्रोथियनांना हानार ‘एन्किंडलर्स’ म्हणतात, म्हणजे ज्ञानाचा दिवा लावणारे. आपल्याला बोलण्याची देणगी त्यांनीच दिली असं ते मानतात. बाकीची आकाशगंगा प्रोथियनांकडे पुराणवस्तू संशोधकाच्या नजरेने बघते, हानार भक्ताच्या.

चौथी ड्रेल लोकांची. राखाना हा ड्रेलांचा कोरडा ग्रह माणसं वाढून आणि साधनं संपून मरायला टेकला, तेव्हा हानारांनी सुमारे ३,७५,००० ड्रेल उचलून काहजेवर आणले. मागे राहिलेले ११ अब्ज संपले. त्या उपकाराची फेड म्हणून ड्रेल हानारांसाठी कामं करतात, विशेषतः हानारांना स्वतःला न जमणारी, लढण्याची आणि मारण्याची. या व्यवस्थेला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. नाही म्हणण्याची मुभा आहे, पण म्हणणारे थोडे.

पहिला भाग : प्रवचनकार, दुकानदार आणि तस्कर

सिटाडेल या अंतराळस्थानकावर पोचल्यावर तिथल्या प्रेसिडियम भागात सावकाश एक फेरी मारा. एक हानार आणि सी-सेकचा (तिथल्या पोलिसांचा) तुरियन अधिकारी वाद घालताना दिसतील. पहिल्या खेपेला नजरेतून सुटले तर स्पेक्टर (काउन्सिलचा खास हस्तक) झाल्यावर पुन्हा या. हानार एन्किंडलर्सचं सत्य लोकांना सांगतोय आणि अधिकाऱ्याचं म्हणणं, परवान्याशिवाय इथे धर्मप्रचार करता येणार नाही. या साईड मिशनचं नाव ‘प्रेसिडियम प्रॉफेट’.

करायचं इतकंच की दोघांचं पूर्ण ऐकून घ्या, मग कुणाला तरी वळवा. अधिकाऱ्याला समजावून हानाराला बोलू द्यायला लावता येतं किंवा हानाराला तिथून जायला पटवता येतं. मुख्य कथेत याने पान हलत नाही. मी नेहमी अधिकाऱ्याला वळवतो. कारण खेळाच्या या टप्प्यावर प्रोथियनांबद्दल कळकळीने बोलणारी माणसं मोजकीच आहेत : एक हा हानार, दुसरा खुद्द शेपर्ड. आणि दोघांनाही सरकारी यंत्रणा ‘पुरावा कुठाय, परवाना कुठाय’ असंच विचारते आहे. हा प्रसंग आणि काउन्सिलसमोरची सुनावणी मागोमाग खेळून बघा, लेखकांनी मुद्दाम जवळजवळ ठेवल्यासारखे वाटतात.

तिथेच प्रेसिडियमवर ‘एम्पोरियम’ हे दुकान आहे. ते चालवणारा डेलॅनिंडरही हानारच. खरेदीआधी त्याच्याशी चार वाक्यं बोला. मालाच्या किमती बघून लगेच बाहेर याल, पण गिऱ्हाइकाशी हानाराचं वागणं कसं असतं याचा नमुना मिळेल.

नोवेरिया ग्रहावरचा ओपोल्ड मात्र खरा मासला आहे. पोर्ट हॅनशनमध्ये त्याचं दुकान आहे. नम्रपणा तोच, भाषा तीच, काम तस्करीचं. कस्टमच्या नजरेखालून एक पॅकेट आत आणायचंय आणि स्पेक्टरच्या सामानाची झडती होत नाही हे त्याला बरोबर ठाऊक आहे. क्रम असा ठेवा :

१. ओपोल्डला सगळे प्रश्न विचारा. पॅकेटचं खरं गिऱ्हाईक इनामोर्डा नावाचा क्रोगन आहे आणि ओपोल्ड त्याला टरकून आहे, हे त्याच्या घोळदार वाक्यांतून हळूहळू बाहेर येतं. घाबरलेला हानारही घाबरलोय असं सरळ म्हणत नाही, त्याची वाक्यं आणखी लांबतात.

२. काम घ्या, नॉर्मंडीवर परत जा, पॅकेट उचला.

३. इथे एक सेव्ह वेगळा ठेवा. पुढे तीन वाटा फुटतात : पॅकेट ओपोल्डला द्यायचं (चार्म किंवा इंटिमिडेट चांगलं असेल तर जास्त पैसे काढता येतात), सरळ इनामोर्डाला विकायचं किंवा प्रशासक अनोलिसला सगळं सांगून टाकायचं.

४. अनोलिसला सांगितलंत तर बक्षीस म्हणून गॅरेजचा पास मिळतो आणि पुढच्या मोहिमेचं ठिकाण असलेल्या पीक १५ ला जायचा रस्ता लगेच खुला होतो. बरेच जण म्हणूनच हा शॉर्टकट घेतात. घेऊ नका. लोरिक क्वी’इनचं काम करूनही पास मिळतो, त्यात अनुभवाचे गुण जास्त आहेत आणि जियाना पारासिनीची चांगली कथाही आहे. ओपोल्डला त्याचं पॅकेट देऊन मोकळे व्हा.

हे सगळं पीक १५ कडे गाडी काढण्याआधी उरका.

पहिल्या भागात हानारांचं एवढंच. बाकीचा वेळ मुख्य कथेला द्या आणि सेव्ह जपून ठेवा.

दुसरा भाग : हानार गायब, पण त्यांचं सगळं इथेच ठरतं

दुसऱ्या भागात हानार जवळजवळ दिसेनासे होतात. सिटाडेलवर झाकेरा वॉर्डमध्ये ‘ब्लास्टो’ या खेळातल्याच काल्पनिक सिनेमाची जाहिरात ऐकू येते. पहिला हानार स्पेक्टर, बंदरोबंदरी प्रेयसी आणि प्रत्येक शुंडकात बंदूक असा नायक. काहीशे ग्रॅमची मर्यादा आठवत असेल तर हसू दुप्पट येईल. जाहिरात पूर्ण ऐका, तिसऱ्या भागात हे प्रकरण वाढतं.

त्याच वॉर्डच्या प्रवेशाजवळ एक जाहिरातफलक शेपर्डशी बोलू लागतो. तीच कासूमी. फ्रीडम्स प्रोग्रेसची मोहीम संपली की सिटाडेल खुलं होतं, तेव्हा लगेच जाऊन तिला घ्या. नॉर्मंडीवर ती पोर्ट ऑब्झर्व्हेशनमध्ये बसते. इतरांसारखे लांब संवाद तिच्याशी होत नाहीत, दर मोहिमेनंतर गेलात तर एखादा किस्सा ऐकायला मिळतो. तिची निष्ठेची मोहीम (साथीदाराचा विश्वास जिंकून देणारी) बेकेनस्टाईनवर, डोनोव्हन हॉकच्या हवेलीत आहे. शेवटी ग्रेबॉक्स (आठवणी साठवणारं यंत्र) ठेवायचा की नष्ट करायचा असा प्रश्न येतो. काहीही निवडा, निष्ठा मिळते.

थेन भेटतो होरायझननंतर, इलियमवर. नसाना डँटियसच्या टॉवरमधून वर चढत जायचं, वाटेत अडकलेल्या सॅलेरियन कामगारांना सोडवायचं, आणि शेवटी तो छतावरून उतरतो. खरी गंमत त्यानंतरची. नॉर्मंडीच्या क्रू डेकवर लाईफ सपोर्टमध्ये तो एकटा बसलेला असतो. हवा कोरडी हवी म्हणून त्याने ती खोली मागून घेतली आहे.

इथे घाई केलीत तर हा लेख वाचून उपयोग नाही. प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर त्याच्याकडे जा आणि सगळे पर्याय संपेपर्यंत बोला. काहजेबद्दल या मालिकेत जे काही जिवंत वर्णन आहे ते याच खोलीत आहे. सहा वर्षांच्या मुलाला हानारांनी प्रशिक्षणाला घेतलं आणि बाराव्या वर्षी त्याने पहिला माणूस मारला, हे तो कुठलाही आव न आणता सांगतो. त्यात तक्रार नाही. शरीर म्हणजे हत्यार, हत्यार चालवणाऱ्याचा हेतू हत्याराच्या माथी कसा मारायचा, अशी त्याची धारणा. हानारांनी त्याला वापरून घेतलं का, असं शेपर्ड विचारू शकतो. विचारा. थेन हानारांची बाजू घेतो आणि ती इतक्या मनापासून घेतो की आपणच गोंधळतो.

त्याच्या आजाराकडेही लक्ष द्या. केप्राल सिंड्रोम हा काहजेच्या दमट हवेमुळे ड्रेलांना जडणारा फुप्फुसाचा रोग. कोरड्या ग्रहाच्या जिवांना ज्यांनी वाचवलं त्यांच्याच घरची हवा हळूहळू मारते आहे. हानार वाईट आहेत म्हणून नव्हे, ते पाण्यातले आहेत म्हणून. माझ्या मते पूर्ण मालिकेतली सगळ्यात चांगली लिहिलेली शोकांतिका हीच. तिच्यात खलनायक नाही.

‘सिन्स ऑफ द फादर’ ही थेनची निष्ठेची मोहीम. सिटाडेलवर बेलीला भेटा, माऊसला गाठा, केलहॅमची चौकशी करा. मग वरच्या मार्गिकांवरून जोराम तालिद या तुरियन राजकारण्याचा माग काढायचा आहे, कारण थेनचा मुलगा कोलियात त्याला मारायला निघालाय. एकही गोळी न झाडता पार पडणारी ही मोहीम चालण्यात फसते. तालिदच्या समांतर चालत राहा, थेनने विचारलं की लगेच माहिती द्या, आडवी खोली आली की आतल्या लोकांशी गप्पा मारत थांबू नका. तालिद नजरेआड झाला तर थेनची निष्ठा कायमची गेली. म्हणून माग सुरू होण्याआधी सेव्ह करा.

आत्मघाती मोहिमेत दोघांना कसं जगवायचं

दुसऱ्या भागाच्या या शेवटच्या मोहिमेत बरेच सेव्ह वाया जातात आणि कारण साधं असतं. शत्रूच्या प्रदेशात नेणाऱ्या ओमेगा ४ रिलेपलीकडे जाताना जहाजाला तीन सुधारणा लागतात : चिलखत, शील्ड आणि तोफ. प्रत्येक राहिलेल्या सुधारणेमागे एक जीव जातो आणि तो कुणाचा याचा क्रम खेळात ठरलेला आहे. मल्टिकोअर शील्डिंग नसेल तर यादीत पहिलं नाव कासूमीचं. थॅनिक्स तोफ नसेल तर पहिलं नाव थेनचं. हानारांच्या कथेचे दोन्ही धागे नेमके या दोन सुधारणांवर लटकलेत.

शील्डचा विषय टाली या साथीदाराशी बोलून निघतो आणि त्याला पॅलॅडियम लागतं. तोफेचा विषय गॅरसकडे, तिला प्लॅटिनम. ग्रह स्कॅन करणं कंटाळवाणं काम आहे यात वाद नाही, पण या दोन धातूंपुरतं करा. चिलखतासाठी जेकबशी बोला.

रीपर (आकाशगंगेतल्या जमाती संपवणारी यंत्रं) आयएफएफची मोहीम घेण्याआधी थेन आणि कासूमी दोघांच्या निष्ठेच्या मोहिमा संपवलेल्या असू द्या. त्या मोहिमेनंतर लवकरच नॉर्मंडीवरचे लोक पळवले जातात आणि त्यानंतर इकडेतिकडे वेळ काढलात तर त्यांचे जीव जातात.

कलेक्टर या शत्रूंच्या तळावर नेमणुका करताना :

पाइपमधून जायला तंत्रज्ञ हवा. निष्ठावान कासूमी हे काम नीट करते, टाली आणि लीजनही करतात. सोबतच्या दुसऱ्या तुकडीचा नायक मात्र गॅरस, मिरांडा किंवा जेकब ठेवा. हा चुकला तर तंत्रज्ञ मरतो, आणि आपण उगीच कासूमीच्या नावाने खडे फोडतो.

बायोटिक (मनाच्या जोरावर चालणाऱ्या) शक्तीच्या कवचासाठी थेनला चुकूनही पाठवू नका. तो बायोटिक असला तरी हे त्याचं काम नव्हे. जॅक किंवा समारा.

शेवटी मागे राहून दार राखणाऱ्यांत कासूमी कच्ची आहे. तिला वाचलेल्या क्रूसोबत जहाजाकडे पाठवा किंवा अखेरच्या लढाईला आपल्यासोबत घ्या. मागे ग्रंट, झाईद, गॅरस असे दणकट लोक असले की थेन तिथे आरामात तगतो.

तिसरा भाग : जाविकपासून सुरुवात करा

मंगळावरून सुटून सिटाडेलची पहिली भेट झाली की नकाशावर ईडन प्राइम दिसू लागतं. बाकी सगळं बाजूला ठेवून तिथे जा आणि जाविकला जागं करा. तो हयात असलेला शेवटचा प्रोथियन. हानार ज्यांच्या नावाने प्रवचनं देतात त्यांच्यातला साक्षात एक.

आणि हा देव कसा निघतो? तुसडा, सूडाने पेटलेला, इतर जमातींना ‘प्रिमिटिव्ह’ म्हणणारा सैनिक. त्याच्याशी बोलत गेलात की कळतं, प्रोथियन दिवे लावत फिरणारे साधू नव्हते. त्यांचं साम्राज्य होतं आणि त्यांनी इतरांना त्यात सामील करून घेतलं होतं, राजीखुशीने नव्हे. पहिल्या भागातला तो प्रेसिडियमवरचा प्रवचनकार आठवा. आपण त्याला बोलू दिलं होतं. नॉर्मंडीवर जाविकच्या खोलीत प्रत्येक मोहिमेनंतर फेरी मारा. त्याची मतं लवकर बदलत नाहीत, पण एकाच संभाषणात सगळी बाहेरही येत नाहीत.

दुसरं तातडीचं काम म्हणजे हुएर्ता मेमोरियल हॉस्पिटल. थेन तिथे उपचार घेतो आहे. सिटाडेलवर सर्बेरस या माणसांच्या अतिरेकी संघटनेचा हल्ला होण्याआधी त्याला भेटलंच पाहिजे. एकदा भेटून थांबू नका, पुन्हा डोकवा. त्या हल्ल्यात सर्बेरसचा मारेकरी ‘काय लेंग’ याच्या तलवारीसमोर मधे कोण उभं राहतं हे या भेटींवर अवलंबून आहे. थेन वाचत नाही, त्याला इलाज नाही. हॉस्पिटलच्या खाटेपाशी कोलियात येतो आणि प्रार्थना म्हटली जाते. दुसऱ्या भागात तालिदचा माग नीट काढला असेल तरच बाप-लेकांचं हे चित्र जुळून येतं.

आता हानारांची स्वतःची मोहीम, ‘सिटाडेल : हानार डिप्लोमॅट’. जॉन्डम बाऊ या सॅलेरियन स्पेक्टरचा निरोप खासगी टर्मिनलवर येतो. आला की पुढची ‘प्रायॉरिटी’ मोहीम थांबवा आणि आधी हे करा. तिसऱ्या भागात बऱ्याच साईड मोहिमा कथा पुढे सरकली की गुपचूप बंद होतात.

बाऊ एम्बसीच्या मजल्यावर, स्पेक्टर ऑफिसच्या आसपास भेटतो. त्याचा संशय असा की कुणीतरी वरिष्ठ हानार रीपरांच्या ताब्यात गेला आहे. त्यानंतर सिटाडेलवर हिंडून टर्मिनल तपासायची. जर्नलमध्ये ठिकाण स्पष्ट लिहून येत नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर नकाशा उघडून खुणा बघा. हा भाग रटाळ आहे, पण छोटा आहे. धागा झायमांडिस या हानार मुत्सद्द्यापर्यंत पोचतो. काहजेची संरक्षणयंत्रणा बंद पाडणारा प्रोग्राम तो पाठवायच्या बेतात आहे.

कासूमी जिवंत असेल तर ती याच प्रकरणात अदृश्य होऊन फिरत असते आणि शेवटच्या खोलीत तिची मदत होते. मग काहजेही वाचतो, बाऊही वाचतो. कासूमी नसेल तर दोनपैकी एक निवडा : समोर जीव जाणारा बाऊ किंवा दूरवरचा न पाहिलेला ग्रह. हानारांचं एकही शहर आपल्याला कधी दाखवलेलं नाही, म्हणून बाऊला वाचवायला हात शिवशिवतो. पण काहजे पडला की तिथले ड्रेलही गेले. निवडायची वेळ आलीच तर मी अपलोड थांबवतो.

प्रकरण संपलं तरी लगेच निघू नका. बाऊ गेल्यावर कासूमीशी बोलून घ्या आणि तिला रीपरांविरुद्धच्या क्रूसिबल या शस्त्राच्या कामावर यायला राजी करा. मग नॉर्मंडीवर वॉर अॅसेट्सच्या (युद्धासाठी जमलेल्या मदतीच्या) यादीत हानार आणि ड्रेल सैन्याची नोंद वाचा.

ब्लास्टो, आणि जाविकचा अखेरचा प्रश्न

‘सिटाडेल’ ही जोडकथा सर्बेरसच्या हल्ल्यानंतर खुली होते. तेव्हाच खेळली तर पार्टीला माणसं कमी जमतात. सर्बेरसच्या मुख्यालयावर चाल करून जाण्याच्या अगदी आधी खेळा. मुख्य मोहीम संपल्यावर जुने साथीदार एकेक करून भेटीची निमंत्रणं पाठवतात. जाविकचं निमंत्रण टाळू नका. सिल्व्हरसन स्ट्रिपवर ब्लास्टोच्या नव्या सिनेमाचं चित्रीकरण चाललंय आणि कुणीतरी अस्सल प्रोथियनाला त्यात उभं केलंय. कॅमेऱ्यासमोर एन्किंडलर आणि हानार आमनेसामने, आणि शेपर्डलाही त्यात उतरता येतं. उतराच. थेन तिसऱ्या भागापर्यंत पोचला असेल तर कोलियातकडूनही संपर्क होतो आणि अपार्टमेंटमध्ये थेनची स्मरणसभा घेता येते. माझा सल्ला, आधी स्मरणसभा, मग चित्रीकरण आणि पार्टी. उलट केलंत तर मूड बसत नाही.

जाविककडे आठवणी साठवलेला एक इको शार्ड आहे. तो उघडावा का, असं शेपर्डला विचारलं जातं. बरेच जण कुतूहलापोटी ‘उघड’ म्हणतात. उघडला तर आपल्या मेलेल्या सैनिकांचं ओझं पुन्हा त्याच्या मानेवर बसतं आणि युद्धानंतर जगण्यात त्याला रस उरत नाही. हानारांचा धागा पूर्ण करायचा असेल तर त्याला उघडू देऊ नका. मग लंडनमधल्या शेवटच्या भेटीत तो सांगतो की युद्ध संपल्यावर कदाचित काहजेला जाईन, हानारांमध्ये राजासारखा राहीन. तो हे थट्टेत म्हणतो की खरंच, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. संवाद चटकन संपतो, म्हणून ‘स्किप’वर बोट ठेवू नका.

२०१७ च्या ‘अँड्रोमेडा’त हानार शोधायला जाल तर रिकाम्या हाती परत याल. क्वेरियन, ड्रेल, एल्कोर, व्होलस, बटेरियन यांच्यासोबत ते ‘कीला सी’याह’ या जहाजावर आहेत, आणि ते जहाज त्या खेळात पोचतच नाही. शेवटी त्याच्याकडून फक्त जवळ येऊ नका असा इशारा येतो. तेवढ्यासाठी तो खेळ विकत घेऊ नका.